संग्रही राहणारे छायाचित्र

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्यासाठी भरलेल्या छायाचित्रण वर्गातील भाषणाचा मजकूर)

एखाद्या गावाने ओढ्यावर बंधारा बांधला, असे समजावे. दोन उन्हाळे श्रमदान झाले, पाया खणताना लागलेला खडक फोडावा लागला आणि तिसऱ्या वर्षीच्या पहिल्याच मोठ्या पावसात पाणी अडले. त्या दिवशी ओढ्याकाठी जमलेल्यांच्या हाती पाचपन्नास मोबाइल तरी असणार. सरपंचांनी छायाचित्र घेतले, शाळेच्या गुरुजींनी घेतले, पंचायतीच्या कर्मचाऱ्याने कामाच्या नोंदीसाठी घेतले. संध्याकाळपर्यंत ती छायाचित्रे तालुकाभर फिरली. पुढे वर्षभराने जलसंधारणावर एखादी पुस्तिका काढावयाचे ठरते आणि तिचा संपादक त्या गावाकडे बंधाऱ्याचे छायाचित्र मागतो. गावाकडून जे येते ते छापता येत नाही. पाण्याची पातळी तिरपी झालेली, माणसांचे चेहरे काळवंडलेले, आकाश पांढरेफटक, आणि आकार एवढा लहान की पानभर मोठा करू जाता चौकटी दिसू लागतात. छपाईची तारीख तर जवळ आलेली असते. संपादक एखाद्या छायाचित्रपेढीकडे वळतो आणि कुठल्या तरी दुसऱ्याच प्रांतातील, क्वचित दुसऱ्याच देशातील, रेखीव बंधाऱ्याचे चित्र विकत घेऊन छापतो. ज्यांनी खडक फोडला त्यांच्या गावाचे नाव मजकुरात राहते. चित्र मात्र परक्याचे येते. पहिल्या पाण्याचा तो दिवस पुन्हा येणार नसतो, त्यामुळे ही हानी मागाहून भरून काढता येत नाही.

गिऱ्हाईक ठरण्याआधीच चित्र काढून ठेवावयाचे, ते विषयवार लावावयाचे आणि ज्याला जेव्हा हवे असेल त्याला वापराचा परवाना देऊन त्याचे मूल्य घ्यावयाचे, हा व्यवसाय जगभर ‘स्टॉक फोटोग्राफी’ या नावाने ओळखला जातो. रक्तपेढी म्हणतात तशी ही छायाचित्रपेढी. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० मध्ये सुरू केलेली पेढी या व्यवसायाच्या आरंभकाळातील होय. ऑटो बेटमन हे बर्लिनचे ग्रंथपाल १९३५ मध्ये नाझी राजवटीतून निघून न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या होत्या. त्या दोन पेट्यांतून पुढे लक्षावधी चित्रांचा बेटमन संग्रह उभा राहिला. आज हा व्यवहार महाजालावर चालतो. शटरस्टॉक (स्थापना २००३) किंवा ॲडोबी स्टॉक यांसारख्या पेढ्यांकडे कोणासही आपली छायाचित्रे पाठविता येतात. पैशाचा व्यवहार नसलेला, सर्वांना मुक्तपणे वापरता येणाऱ्या चित्रांचा विकिमीडिया कॉमन्स हा संग्रह २००४ पासून आहे. मराठी विकिपीडियावरील गावांच्या लेखांत जी छायाचित्रे दिसतात ती बहुतांशी तेथूनच येतात, आणि कितीतरी गावांच्या लेखांत ती जागा अजून रिकामी आहे.

पेढीवर चित्र विकणे हे या वर्गातील कोणाचेही मुख्य काम नव्हे. परंतु पेढीने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून जी कसोटी बसविली आहे, ती शाळेच्या, पंचायतीच्या किंवा खात्याच्या संग्रहालाही तंतोतंत लागू पडते. कारण दोन्हीकडे चित्र घेणाऱ्यास ते पुढे कोण, कशासाठी आणि किती मोठे करून वापरणार आहे हे ठाऊक नसते.

तपासनिसाची नजर

पेढीचा तपासनीस चित्र पाहतो ते शंभर टक्के मोठे करून. म्हणजे चित्रातील एक पिक्सेल पडद्यावरील एका पिक्सेलवर बसवून. संपूर्ण चित्र तेव्हा पडद्यावर मावत नाही, ते सरकवीत सरकवीत पाहावे लागते. हातातल्या मोबाइलवर सर्वच चित्रे सुबक दिसतात आणि तेथेच फसगत होते. तेच चित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडले की, सरपंचांच्या डोळ्यांऐवजी त्यांच्या मागची बाभूळ स्पष्ट आली आहे हे ध्यानात येते. माणूस असेल तर प्रथम डोळे पाहावेत. मग चित्राचे चार कोपरे, मग आकाश, आणि शेवटी सर्वांत गडद सावली. नाकारल्या जाणाऱ्या चित्रांचे बहुतेक दोष या चार ठिकाणी सापडतात.

आकाराचा हिशोब सोपा आहे. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल लागतात, असे मुद्रक धरून चालतात. ए-४ आकाराचे पूर्ण पान भरावयाचे तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल हवेत. शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉक यांची किमान अट ४ मेगापिक्सेलची, म्हणजे ४० लाख पिक्सेलची आहे. विकिमीडिया कॉमन्सवर ‘दर्जेदार चित्र’ म्हणून निवड होण्यासाठी किमान २ मेगापिक्सेल लागतात. आजचा साधा मोबाइलही १२ मेगापिक्सेलचे चित्र सहज देतो. मग गावाकडून आलेले चित्र लहान का निघाले? कारण ते व्हॉट्सॲपवरून आले. हे साधन चित्र पाठविताना त्याचा आकार कमी करते; नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्राची लांब बाजू साधारणतः १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. इंचाला ३०० या हिशेबाने ती सव्वापाच इंचांत संपली. २०२३ मध्ये अधिक दर्जाने पाठविण्याची सोय झाली असली, तरी तीतही चित्र मूळ स्वरूपात जात नाही. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले तर मात्र जसेच्या तसे पोहोचते. एवढी एक सवय गावोगावी लागली, तरी जिल्ह्याच्या संग्रहातील निम्मी तक्रार मिटेल.

कामाच्या नोंदीसाठी घेतलेल्या छायाचित्रांबाबत आणखी एक गोष्ट. अशा चित्रांवर अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ यांची पट्टी छापून येते. हिशोबाच्या दृष्टीने ती आवश्यक आहे. पण तिने चित्राचा खालचा भाग कायमचा व्यापला जातो. यास्तव नोंदीचे चित्र घेऊन झाल्यावर तेथेच उभे राहून, पट्टी नसलेले दुसरे चित्र घ्यावे. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

कळ दाबण्यापूर्वी

चित्र सुधारावयाचे म्हणजे ते संगणकावर सुधारावयाचे, अशी समजूत रूढ झाली आहे. ती फारशी खरी नाही. जे दोष मागाहून काढता येतात ते थोडे, आणि जे आधी टाळता येतात ते पुष्कळ. यांतला पहिला दोष सांगताना संकोच वाटावा इतका क्षुल्लक आहे: मळलेले भिंग. मोबाइल खिशात असतो, किल्ल्यांशेजारी, चुन्याच्या डबीशेजारी. भिंगावर बोटांचे तेल बसते आणि प्रकाशाकडे तोंड करून घेतलेले प्रत्येक चित्र धुरकट येते. स्वच्छ सुती कापडाने भिंग पुसावे. सदऱ्याचे टोक चालते, पण ते धुळीने माखलेले नसेल तरच.

महाराष्ट्रातील छायाचित्रकाराचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे दुपारचे ऊन. उद्घाटने, पाहणी, शिवारफेरी हे सर्व अकरा ते तीन या वेळातच पार पडते, आणि नेमके त्याच वेळी सूर्य डोक्यावर असतो. टोपीखाली, पदराखाली डोळे काळोखात जातात. टोपी आणि सदरा मात्र इतका उजळतो की त्यांवरची एकही सुरकुती उरत नाही. पांढरे असे एकदा जळाले, की नेहमीच्या जेपीईजी चित्रातून ते परत मिळविता येत नाही. तेथे माहितीच उरलेली नसते. सावलीतून मात्र थोडेफार बाहेर काढता येते. म्हणून उन्हात चित्र घेताना प्रकाशमान पांढऱ्याकडे पाहून बेतावा: मोबाइलच्या पडद्यावर टोपीला बोट लावावे, म्हणजे यंत्र तिच्या मानाने प्रकाश कमी घेते. कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम असल्यास त्याचे उजवे टोक भिंतीला आपटलेले नसावे. याहून उत्तम उपाय म्हणजे माणसांना झाडाच्या किंवा इमारतीच्या मोकळ्या सावलीत आणणे. त्याहूनही उत्तम, सकाळी आठला किंवा साडेपाचला पुन्हा जाणे. बंधारा कोठे जात नाही, आणि तिरप्या उन्हात दगडी बांधकामाचा सांधा न् सांधा उठून दिसतो.

मांडवाची गोष्ट वेगळी. निळ्या वा पिवळ्या कापडाखाली बसलेल्या माणसांचे चेहरे त्या कापडाचा रंग घेतात. डोळ्याला ते जाणवत नाही, कारण मेंदू तो रंग वजा करतो, पण यंत्र करीत नाही. मांडवाच्या कडेला, जेथे बाहेरचा प्रकाश आत येतो, तेथे चित्र घ्यावे. ते शक्य नसेल तर चित्रात कोठे तरी पांढरा कागद येऊ द्यावा. संगणकावर रंगांचा तोल साधताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सरकविला, की चेहरे आपोआप जागेवर येतात. वर्गखोलीत दुसरी अडचण असते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि फार जलद चित्र घेतले तर त्यावर आडवे काळपट पट्टे उमटतात. कॅमेऱ्याची गती सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवली की पट्टे जातात. मुलांना खिडकीसमोर, खिडकीकडे तोंड करून बसविले तर दिव्याची गरजच पडत नाही. बहुतेक शिक्षक मात्र खिडकी पाठीमागे ठेवून चित्र घेतात आणि मुलांच्या ठिकाणी काळ्या आकृत्या मिळवितात.

अंधुक प्रकाशात यंत्र आपली संवेदनक्षमता वाढविते. तिला आयएसओ म्हणतात. ती वाढली की सावल्यांतून रंगीबेरंगी दाणे उठतात. फिल्मच्या काळी जे दाणे दिसत, त्यांचेच हे भावंड; मात्र दिसावयास अधिक ओंगळ. ते टाळण्यासाठी आयएसओ कमी ठेवावा आणि यंत्र कशावर तरी टेकवावे: खिडकीचा कठडा, सायकलची सीट, धान्याचे पोते. मोबाइलवर बोटांनी चित्र जवळ ओढणे हाही एक मोह. बहुतेक मोबाइलांत ते भिंगाने जवळ येत नाही, नुसते कापून मोठे केले जाते. चार पावले पुढे जाणे हाच खरा झूम. तसेच चेहरा गुळगुळीत करणारी ‘ब्यूटी’ नावाची सोय बंद ठेवावी. शेतात राबलेल्या बाईच्या चेहऱ्यावरील रेषा पुसून तेथे मेण भरल्यासारखे दिसणारे चित्र कोणतीही पेढी घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

विषय निवडीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ओळीने उभे राहिलेले मान्यवर आणि मधोमध फीत, हे चित्र त्या मान्यवरांखेरीज कोणाला लागत नाही. बंधाऱ्याचे दार बसविणारे हात, पाणी शिरलेल्या विहिरीत डोकावणारी मुले, पाण्यालगत पेरलेला हरभरा, यांना मागणी असते. फलक, झेंडे आणि हार यांच्या गर्दीतून काम कोठे आहे हे शोधावे लागू नये, एवढे पाहिले तरी पुरे.

संगणकावर बसल्यावर

पहिला नियम: मूळ चित्राला हात लावू नये. त्याची प्रत करावी आणि प्रतीवर काम करावे. प्रत्येक वेळी जेपीईजी उघडून पुन्हा साठविली की ती थोडी झिजते, म्हणून सर्व दुरुस्त्या एकाच बैठकीत करून शेवटी एकदाच, वरच्या दर्जाने, साठवावी. सर्वप्रथम चित्र सरळ करावे. बंधाऱ्यामागचे साठलेले पाणी तिरपे दिसले तर पाहणाऱ्याचा सर्व चित्रावरचा विश्वास उडतो. पाणी तिरपे राहत नाही हे लहान मुलालाही कळते. मग कडा छाटाव्यात, पण बेताने. वापरणाऱ्याला उभे हवे की आडवे, मथळ्यासाठी वर मोकळी जागा हवी की नको, हे ठाऊक नसल्याने थोडे आकाश, थोडी जमीन राखून ठेवणे शहाणपणाचे.

नंतर उजेड आणि रंग. येथे नवशिक्याचा हात सैल सुटतो. हिरवे रान पोपटी होते, आकाश शाईसारखे होते, आणि मातीला कुंकवाचा रंग चढतो. तपासनीस अशा चित्रांना ‘अतिप्रक्रिया’ असा शेरा मारून परत पाठवितो. रंगाची पट्टी जेथवर न्यावीशी वाटते तिच्या निम्म्यावर थांबावे, हा जुन्या जाणत्यांचा हिशोब व्यवहारात उपयोगी पडतो. चित्राला धार लावण्याच्या सोयीबाबतही तेच. अस्पष्ट आलेले चित्र धार लावून स्पष्ट होत नाही. प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ मात्र उमटते. छायाचित्रपेढ्या तर धार न लावलेले चित्रच पसंत करतात, कारण किती धार लागेल हे अंतिम आकारावर अवलंबून असते आणि तो वापरणाऱ्याने ठरवावयाचा असतो. भिंगांची बदली करता येणाऱ्या कॅमेऱ्यात संवेदकावर धूळ बसते आणि आकाशात फिकट करडे ठिपके दिसतात. ते एकेक करून पुसावेत. उजळ आकाशापुढील फांद्यांना जांभळी-हिरवी किनार आली असल्यास तीही बहुतेक साधनांतून काढता येते.

दाण्यांसाठी एक उपाय पेढीला चित्रे पुरविणारे बरीच वर्षे वापरीत आले आहेत, आणि तो कोणत्याही साध्या साधनाने करता येतो. ४००० × ३००० चे चित्र थोडे दाणेदार, थोडे मऊ आले असेल तर ते २८०० × २१०० वर आणावे. अनेक पिक्सेलांची सरासरी होऊन दाणे दबतात, कडा घट्ट होतात, आणि तरीही जवळजवळ ५९ लाख पिक्सेल उरतात, म्हणजे चाळीस लाखांच्या अटीहून पुष्कळ अधिक. उलट दिशेने, लहान चित्र फुगवून अट पुरी करण्याचा प्रयत्न तपासनिसाच्या लगेच लक्षात येतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने फुगविलेल्या चित्रात तपशील भरून देतात. तो तपशील यंत्राने कल्पिलेला असतो. बंधाऱ्याच्या दगडांत नसलेले दगड आणि गर्दीतल्या चेहऱ्यांत नसलेले डोळे येतात. जे चित्र पुरावा म्हणून, इतिहास म्हणून ठेवावयाचे, त्यात हे चालणार नाही.

अंगठ्याची कथा

दुरुस्ती कोठे संपते आणि खोटेपणा कोठे सुरू होतो, हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत ग्रामीण जनतेची स्थिती नोंदविण्यासाठी तेथील शासनाने एक छायाचित्र विभाग १९३५ मध्ये स्थापन केला. रॉय स्ट्रायकर त्याचे प्रमुख होते. त्या विभागाच्या आणि युद्धकाळात त्याला सामावून घेणाऱ्या कार्यालयाच्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्हज आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. शासनाने विकासकार्याच्या निमित्ताने उभारलेला एवढा मोठा चित्रसंग्रह क्वचितच असेल. स्ट्रायकर निवडीत कठोर होते. नापसंत निगेटिव्हला ते चक्क भोक पाडीत, आणि छायाचित्रकार त्याबद्दल संतापत. भोक पाडलेली ती चित्रेही आज अभ्यासक शोधून शोधून पाहतात. नाकारलेले चित्र नष्ट करू नये, याला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

याच विभागासाठी डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका स्त्रीचे छायाचित्र घेतले. फाटक्या तंबूत बसलेली, गालाला हात लावलेली, दोन्ही खांद्यांवर तोंड लपविणारी मुले असलेली ती आई जगभर ठाऊक झाली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा अस्पष्ट आला होता. लँग यांना तो खटकत असे. १९३९ मध्ये त्यांनी निगेटिव्हवरच तो पुसून घेतला. स्ट्रायकर यांना ते रुचले नाही. शासनाच्या नोंदीतील चित्रावर विश्वास राहावा म्हणून ते जसे आहे तसेच राहावे, असे त्यांचे मत. पेढीचा तपासनीस कदाचित लँग यांच्या बाजूने उभा राहील, कारण अंगठा हा चित्रातील अडथळाच होता. पण मूळ निगेटिव्हवर हात चालविण्याचे समर्थन करणे कठीण. प्रतीवर पुसला असता तर दोघांचेही समाधान झाले असते.

अंगठ्याहून मोठी चूक दुसरीच होती. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव विचारले नाही. कुटुंबाने अन्नासाठी मोटारीचे टायर विकल्याचा त्यांच्या लेखनातील उल्लेख कुटुंबीयांनी पुढे खोडून काढला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे तिचे नाव लोकांना कळले ते १९७८ मध्ये, तब्बल बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही याविषयीची नाराजी तिने व्यक्त केली. चित्र शासकीय असल्याने कोणालाही विनामूल्य वापरता येत होते. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढणे अवघड. पण चित्रातील व्यक्तीच्या बाजूने पाहता हिशोब अपुराच राहिला.

नाव, गाव, संमती

आज पेढ्या व्यापारी वापरासाठीच्या चित्रात ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे लेखी संमतिपत्र मागतात. लहान मूल असेल तर पालकांचे. संमतिपत्र नसेल तर ते चित्र केवळ वृत्त आणि शिक्षण यांसाठीच्या वर्गात जाते. त्यात काही पुसण्यास वा जोडण्यास मनाई असते आणि स्थळ व तारीख देणे बंधनकारक असते. ट्रॅक्टरवरील, सिमेंटच्या पोत्यावरील किंवा सदऱ्यावरील व्यापारी चिन्हे व्यापारी वर्गातील चित्रात चालत नाहीत. पंचायतीच्या संग्रहासाठी एवढे काटेकोर वर्गीकरण नको असले, तरी संमतीचे एक साधे मराठी पत्रक दप्तरात असावे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवावे. चित्र कोठे कोठे जाईल हे सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमती नव्हे. ‘तुमचे चित्र पुस्तकात येईल’ आणि ‘तुमचे चित्र कोणीही, कोठेही, जाहिरातीतसुद्धा वापरू शकेल’ या दोन गोष्टींत फार अंतर आहे. मुक्त संग्रहावर चित्र ठेवताना दुसरी गोष्ट सांगणे भाग आहे.

शिक्षकांनी अधिक जपावयास हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या, पडताळून पाहता येईल अशा संमतीची तरतूद आहे. शाळेतील मुलांची नावे, इयत्ता आणि चेहरे एकत्र देणारी चित्रे मुक्तपणे फिरू देणे म्हणूनच इष्ट नाही. पाठमोरी मुले, वहीवर झुकलेले हात, फळ्याकडे वळलेल्या माना यांतूनही शाळा उत्तम दिसते, आणि अशा चित्रांना संमतीची अडचण क्वचितच येते.

अधिकाऱ्यांनी आणखी एक बाब तपासून घ्यावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, शासनाच्या निर्देशानुसार झालेल्या कामाचा पहिला हक्क शासनाचा असतो. म्हणून कामावर असताना घेतलेले चित्र पेढीला विकण्यापूर्वी किंवा मुक्त संग्रहावर ठेवण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घेणे आवश्यक आहे. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या शेतावर घेतलेल्या चित्राला ही अट नाही.

राहिली चित्राची ओळख. पेढी चित्राबरोबर एक वाक्य आणि सुमारे पन्नासपर्यंत शोधशब्द घेते. ‘सुंदर’, ‘प्रगती’, ‘आनंद’ असले शब्द शोधणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. ‘सिमेंट नाला बंधारा’, ‘काळी माती’, ‘हरभरा’, ‘डिसेंबर’ हे पडतात. गावपातळीवर ही ओळख शक्यतो त्याच संध्याकाळी लिहावी, कारण आठ दिवसांनी डावीकडून तिसरी बाई कोण हे आठवत नाही. स्थळ, तालुका, जिल्हा, दिनांक, काय चालले आहे, चित्रात कोण आहे, चित्र कोणी घेतले आणि संमतिपत्र आहे की नाही, एवढी माहिती चित्राच्या फाइलमध्येच भरता येते. ते न जमल्यास त्याच क्रमांकाच्या वहीत लिहावी. मूळ चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात: एक पंचायतीच्या संगणकावर, दुसरी शाळेच्या कपाटातील हार्ड डिस्कवर. मोबाइल हे साठविण्याचे ठिकाण नव्हे. तो हरवतो, विकला जातो, आणि सरपंच बदलले की त्यांच्याबरोबर घरी जातो.

बंधाऱ्याचे ते छायाचित्र पुन्हा घ्यावयाचे झाले तर ते पुढच्या पावसाळ्यात, पाणी सांडव्यावरून वाहत असताना, सकाळी आठच्या सुमारास, पूर्वेकडे पाठ करून घ्यावे. मात्र ज्यांनी खडक फोडला त्यांना आदल्या दिवशीच निरोप धाडावा, म्हणजे कामाला जाण्यापूर्वी तासभर ते ओढ्यावर येऊ शकतील, आणि त्यांची नावे विचारून लिहून घेता येतील.